झारीतला तीन नंबर

सिस्टरांनी नोकरीच्या काळात कधी बसून चहा घेतला नाही. उभ्याउभ्या दोन घोट घ्यायचे, कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, तेवढ्यात कुणाचं तरी सलाईन संपत आलेलं दिसायचं आणि चहा गार व्हायचा. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या वॉर्डात त्यांची हयात गेली. अशा वॉर्डात नातेवाइकांची एक ठरलेली तक्रार असते, "आमचा माणूस इथे कण्हतोय आणि तिकडे सिस्टर बसल्यात!" हे वाक्य आपल्याबद्दल कुणाला बोलता येऊ नये, या एका हट्टावर बाईंनी नोकरी पार पाडली. निरोपाच्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम हार घालून सजवलेली खुर्ची ठेवली होती. भाषणं होईपर्यंत सिस्टर तिच्या पाठीला हात टेकून उभ्या राहिल्या आणि हार खुर्चीच्याच गळ्यात राहिला.

त्यांचे यजमान याच्या अगदी उलट. ते टेलरमास्तर. जन्म शिलाई मशीनवर बसून काढला. पुढे गुडघ्याने दगा दिला, पायडल मारवेना, तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली करून ते घरी आले आणि मागच्या दाराशी खुर्ची टाकून भरतकाम करू लागले. पुरुषासारखा पुरुष रिंगमध्ये कापड ताणून फुलं भरत बसतो, म्हणून गल्लीने सुरुवातीला दात काढले. मग ज्याच्या त्याच्या घरी मास्तरांनी भरलेले उशांचे अभ्रे गेले आणि हसणं थांबलं. सुई चालायची, नजर मधूनच परसातल्या पाखरांकडे जायची, पुन्हा सुई चालायची. बायको दिवसपाळीला गेली की घर मास्तरांचं, रात्रपाळीहून येऊन झोपली तरी मास्तरांचंच. दुकान होतं तोवर तर दोघांचा संसार म्हणजे पाळ्यांचा कारखाना होता, एक आत आला की दुसऱ्याने बाहेर पडायचं.

अशा घरात सिस्टर निवृत्त होऊन आल्या, त्या थेट चार्ज घ्यायला.

आठवड्याभरात घराचा वॉर्ड झाला. चादरीचे कोपरे इतके करकचून खोचले जायचे की मास्तरांना पाकिटात पत्र घालावं तसं स्वतःला अंथरुणात सरकवावं लागे. सकाळी डोळे उघडायच्या आत मनगटावर गार बोटं आणि कानाशी प्रश्न, "झोप लागली? पोट साफ झालं?" स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लेबलं लागली. हळदीच्या डब्यावर तर तारीखसुद्धा पडली. गल्लीतली पोरं त्यांना बघून पळू लागली, कारण त्या दिसेल त्याची नखं तपासायच्या. शेजारीण एकदा कुणाला तरी म्हणाली, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!" ते सिस्टरांच्या कानावर आलं. त्या तडक तिच्या घरी गेल्या आणि तिचं ब्लडप्रेशर मोजलं. ते खरंच वाढलेलं निघालं. तेव्हापासून शेजारीण मीठही घाबरून खाते आणि शब्दही.

पण गल्ली तरी किती मोठी असणार? फरशी दोनदा पुसून झाली, पडदे धुऊन झाले, माळा आवरून झाला, आणि दुपार आहे तिथेच. सिस्टर या खोलीतून त्या खोलीत जायच्या, दार उघडून बाहेर बघायच्या, दार लावायच्या. पायाला भिंगरी होती आणि जायला वाट नव्हती. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की हातातलं काम टाकून त्या फाटकापर्यंत धावायच्या आणि आवाज विरला की तशाच रिकाम्या हातांनी परत यायच्या. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटायची. आपण थांबलो तर आपलं काहीच उरणार नाही, अशी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, फक्त फरशी तिसऱ्यांदा पुसली.

मास्तर हे सगळं बघत होते. एका दुपारी त्यांनी रिंग पुढे केली. "ये, बस. साखळी टाका शिकवतो. मन रमेल."

सिस्टर बसल्या. म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकल्या. सुई धरायची सवय होतीच. पण गंमत अशी की प्रत्येक टाका घातला की त्या गाठ मारून धागा कापायच्या आणि दुसरा टाका नव्याने सुरू करायच्या. ड्रेसिंग करताना हजारो टाके त्यांनी बघितले होते, तिथे प्रत्येक टाका वेगळा. एखादा तुटला तर बाकीचे धरून ठेवतात, हा तिथला हिशेब. साखळीतल्या कडीत पुढची कडी अडकवायची, हे त्यांच्या मनाला पटेना. तासाभराने एक गुलाब झाला. मास्तरांनी तो उजेडात धरला.

"अगं, हे फूल नाही. हे फुलाचं अपेंडिक्स काढलंय."

"पण सुटणार नाही! ओढून बघा!" असं म्हणून सिस्टर उठल्या, त्या गॅसवर काही ठेवलेलं नसतानाही गॅस बघायला गेल्या.

भरतकाम तिथेच संपलं. मग राहिली पाखरं.

परसातल्या भिंतीवर, लिंबाच्या झाडाशेजारी, एक जुनी पत्र्याची झारी खिळ्याला अडकवलेली होती. तिचं बूड गंजलेलं, पाणी घालायच्या कामाची ती राहिली नव्हती. चिमण्यांच्या एका जोडप्याने तिच्यात बिऱ्हाड थाटायला घेतलं. त्यांच्यासाठी मास्तर खिडकीत एका डब्याच्या झाकणात रेशमाचे बारीक तुकडे ठेवायचे. काम करताना जे उरतं तेच, पण आधी नखाएवढं कापून. चिमणी यायची, मान वाकडी करून रंग निवडल्यासारखं करायची आणि एखादा तुकडा चोचीत घेऊन जायची.

मास्तर गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेले होते, त्या दुपारची गोष्ट. सिस्टरांचे हात शिवशिवत होते. त्यांनी मास्तरांची रेशमाची टोपली काढली. गुंता सोडवला, लड्या रंगांप्रमाणे लावल्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्यांवर गुंडाळल्या. टाकाऊ निघाला तो लांब लांब धाग्यांचा एक पुंजका. तेवढ्यात त्यांची नजर खिडकीतल्या झाकणावर गेली. झाकणात चार कण उरले होते. "देतायत ते पाखराला, तेही मोजून नखाएवढं! एवढ्याशाने काय घर व्हायचं?" असं म्हणत त्यांनी हातभर लांबीचे तांबडे, पिवळे धागे झाकणात सढळ हाताने ठेवले आणि पडद्याआड उभ्या राहिल्या.

चिमणी आली. तिने एक तांबडा धागा उचलला आणि उडाली. मागे ही लांब शेपटी हवेत लहरत गेली, झारीच्या तोंडाशी अडकली, तिने ओढओढ ओढली आणि सगळी आत घेतली. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. चिमणी पुन्हा आली, पुन्हा गेली. झाकण रिकामं होईपर्यंत सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. निवृत्त झाल्यापासून त्यांना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मास्तर आले तेव्हा मात्र त्या भांडी घासत होत्या. चार धाग्यांची गोष्ट काय सांगायची, असं वाटून त्या बोलल्या नाहीत.

पुढे झारीतून चिवचिव ऐकू येऊ लागली आणि सिस्टरांना वॉर्ड मिळाला. स्टुलावर चढून त्या आत डोकावल्या, तर तीन पिल्लं. तोटीकडचं एक नंबर, मधलं दोन नंबर, बुडाशी चेपून बसलेलं तीन नंबर. मग राउंड सुरू झाले.

"एक नंबरची भूक उत्तम आहे. दोन नंबर जरा आडदांड आहे. तीन नंबरपर्यंत चारा पोचतच नाही हो, तो मागेच राहतो."

"अगं, उतर खाली. सारखं डोकावलीस तर त्यांची आई घर सोडून जाईल."

"मग त्यांच्याकडे बघायचं कुणी?"

"मी बघतोय ना. इथून."

"इथून बघणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं!"

मास्तर हसले आणि सुई ओवू लागले. त्यांचं ते स्वस्थ हसणं सिस्टरांना कधी कधी इतकं झोंबायचं की वाटायचं, या माणसाची खुर्ची एकदा उलटी करावी.

त्याच आठवड्यात फोन आला. जुन्या मेट्रनबाई बोलत होत्या. दुसऱ्या शहरात नवीन हॉस्पिटल उघडलं होतं आणि नर्सिंगचा सगळा भार त्यांच्यावर होता. "पोरी हुशार आहेत गं, पण उभं राहणं कुणाला येत नाही. तू ये. वॉर्ड तुझ्या ताब्यात देते. राहायला खोली तिथेच. घरी मात्र महिन्या दोन महिन्यांनीच जाता येईल. रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन करते, हो की नाही ते सांग."

सिस्टरांनी फोन ठेवला, तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. मागच्या दाराशी जाऊन त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. मास्तरांचा हात मध्येच थांबला. सुई कापडाच्या वर आली होती, ती वरच राहिली.

"बघ," ते म्हणाले. "तुला बरं वाटेल तसं कर."

झालं. एवढंच. सिस्टर दारात उभ्या राहून आणखी काही येतंय का याची वाट बघत राहिल्या. मास्तरांनी सुई खाली घातली. जा म्हणाले असते तर सिस्टर भांडून गेल्या असत्या, जाऊ नको म्हणाले असते तर भांडून राहिल्या असत्या. पण समोरच्याने तोंडात मिठाची गुळणी धरल्यावर भांडायचं कुणाशी? त्यांनी कपाटातून पांढरे युनिफॉर्म काढले, धुतले, त्यांना कडक इस्त्री केली. बॅग काढून पुसली आणि पलंगाखाली न ठेवता सगळ्यांना दिसेल अशी भिंतीशी उभी केली. मास्तर तिच्या बाजूने रोज जायचे यायचे, गुडघ्याला लागू नये एवढं बघायचे, आणि बोलायचे ते भाजीबद्दल.

रविवार उजाडला तो चिमण्यांच्या गलक्याने. पिल्लं उडत होती. एक नंबर भिंतीवर, दोन नंबर दोरीवर, तिथून धडपडत लिंबावर. सिस्टरांनी दोघांना टाळ्या वाजवून डिस्चार्ज दिला. मग त्या बॅगेकडे वळल्या, कपडे भरले, काढले, पुन्हा भरले. उन्हं उतरली तरी बाहेरचा कलकलाट थांबेना. मास्तरांनी हाक मारली.

"अगं, इकडे ये जरा. आई अजून झारीतच चारा नेतेय. आणि ते बघ."

झारीच्या तोंडाशी एक पिल्लू आलं. पंख फडफडवून त्याने झेप घेतली, वीतभर पुढे आलं आणि हवेतच मागे खेचलं गेलं. ते झारीवर आपटलं, कसंबसं आत शिरलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं, पुन्हा आपटलं.

"त्याचा पाय अडकलाय," मास्तर म्हणाले. "धागा आहे. तांबडा. पण मी तर नखाएवढेच ठेवतो."

 सिस्टर तडक स्टुलावर चढल्या, खिळ्यावरून अख्खी झारी उतरवली आणि मागच्या पायरीवर आणून ठेवली. आत हात घातला. मुठीत गरम, धडधडणारा जीव आला आणि त्याच्या मागोमाग धागा, संपतच नव्हता तो. घरट्याच्या गवतात घट्ट विणला गेलेला आणि दुसऱ्या टोकाला पिल्लाच्या पायाला चार वेढे. पाय सुजला होता, धागा मांसात रुतला होता.

"मी ठेवले हे," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा. हातभर लांब. मला वाटलं तुम्ही चिक्कूपणा करताय."

मास्तर खुर्चीतून उठले, गुडघा धरून पायरीवर त्यांच्याशेजारी टेकले. डोळ्यांवर कामाचा चष्मा, हातात भरतकामाची छोटी कात्री. "तू धर. मी कापतो. आधी घरट्याकडचा, मग पायाचा."

"थांबा, मी कापूस आणते, गरम पाणी..."

"उठू नकोस. तू उठलीस की ते फडफडेल आणि पाय तुटेल. धरून बस."

सिस्टर बसल्या. चार बोटांच्या मुठीत पाखरू, अंगठ्याने पाय सरळ धरलेला. याच हातांनी त्यांनी कितीतरी दुबळे पाय धरले होते, पण ते उभं राहून, आणि दुसऱ्या हाताने दुसरं काम करत. इथे दुसरं काम नव्हतं. पायाला मुंग्या आल्या, पाठीतून कळ गेली, घरात नळ ठिबकत होता तो बंद करावासा वाटला. अंगातली एकूण एक शीर उठ उठ म्हणत होती. मास्तरांची कात्री एका वेढ्याखाली शिरू बघत होती आणि शिरत नव्हती. बुडाशी चेपून बसणारं तीन नंबर हेच, हे सिस्टरांनी तेवढ्यात ओळखलं होतं.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" त्यांचा आवाज चिरकला. "लांब धागे ठेवायचे नाहीत म्हणून? एक शब्द बोलला असतात तर हे झालं असतं का?"

मास्तरांनी पहिला वेढा कापला. मान वर केली नाही.

"सांगायला माणूस समोर बसलेलं लागतं," ते म्हणाले. रागाने नाही. भाजीबद्दल बोलायचे त्याच आवाजात.

सिस्टरांना हे लागलं. पण उठून जायची सोय नव्हती. चिमणी कपड्यांच्या दोरीवरून ओरडत होती. दुसरा वेढा तुटला, तिसरा तुटला.

"आता बसलेय," त्या शेवटी म्हणाल्या. "सांगा."

मास्तरांनी चष्मा वर सारला. "दुकान सोडलं त्या वर्षी एक पाखरू याच झारीतून लटकलेलं सापडलं होतं मला. सकाळी उठलो तर वाऱ्याने हलत होतं. धागा माझाच होता. तू रात्रपाळी करून आली होतीस, झोपली होतीस. उठवून काय सांगणार? तेव्हापासून नखाएवढं कापतो."

"आणखी?"

"आणखी काय?"

"आणखी काय सांगायचं राहिलंय? मी बसलेय तोवर सांगून टाका."

चौथा वेढा सगळ्यात खोल होता. मास्तरांनी कात्रीचं टोक अलगद आत घातलं, श्वास रोखला, कचकन आवाज झाला आणि तांबडा धागा सिस्टरांच्या मांडीवर पडला. पिल्लाने पाय आखडला, मग सोडला.  मास्तरांनी कात्री पायरीवर ठेवली.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "सगळा जन्म तुझी पाळी सुटायची वाट बघितली मी. दाराशी खुर्ची पाखरांसाठी नव्हती टाकली. तिथून घराच्या कडेने फाटक दिसतं."

सिस्टरांनी डोळे पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. मूठ हळूच उघडून त्यांनी तळहात केला. तीन नंबर उडालं नाही. दमून, पंख सैल सोडून ते तळहातावर बसून राहिलं, दुखरा पाय पोटाशी घेऊन. दोरीवरची चिमणी लिंबाच्या खालच्या फांदीवर आली, तिथून हाका मारू लागली.

आणि घरात फोन वाजला.

सिस्टरांनी आयुष्यात कुठलाही फोन दोनदा वाजू दिला नव्हता. हा वाजत राहिला. त्यांचे गुडघे आपोआप ताठ झाले. तळहातावरचं पाखरू दचकलं, नखं कातडीत रुतली. सिस्टरांनी गुडघे पुन्हा सैल सोडले. फोन थांबला. पुन्हा वाजू लागला.

मास्तर भिंतीला धरून उठले, लंगडत दारापर्यंत गेले आणि वळले. "मेट्रनबाईच असणार. काय सांगू?"

सिस्टर पिल्लाकडे बघत होत्या.

"सांगा," त्या म्हणाल्या, "सिस्टर बसल्यात."

मास्तर आत गेले. फोन उचलला आणि सांगितलं होतं तेच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, सांगितलं.  पलीकडून मेट्रनबाईंचा घाबरलेला आवाज आला.

"बसली? आमची सिस्टर? अहो, बरी आहे ना ती?"

मास्तरांनी मागच्या दारातून पायरीकडे पाहिलं.

"बरी आहे," ते म्हणाले.